वाढप्याचा आवाज

रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं तसं वैजयंतीने झाकण उघडलं आणि पहिली नळी खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी लाल पेशी बसल्या होत्या, नेहमीसारख्याच. त्यांच्यावर उरणारं द्रव घोड्यांमध्ये पिवळसर आणि नितळ असतं, पाणी घातलेल्या मधासारखं. गुंज घोडीचं द्रव पांढरं होतं. नळीमागे धरलेलं बोट त्यातून दिसेना.

"दूध सांडलं का काय त्यात?" यासीनभाईंनी दारातूनच विचारलं. तबेल्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. प्रयोगशाळेत ते कधी आत येत नसत, पायांना लीद असते म्हणून.

"चरबी आहे. तिचीच, अंगातली."

"आपुन कोंड्यात घालतो त्या तेलाची?"

"तेल पोटात गेलंय कुठे? सोमवारपासून ती खात नाही, म्हणून तर हे झालं."

यासीनभाईंनी मान हलवली. "काल गूळ दिला, लसूणघास दिला. तोंड फिरवलं न्हाई तिनं, पण घातलंबी न्हाई. बाकीच्या एक-दोन दिसांत खायला लागल्या, ही नुसती गव्हाणीपुढं उभी राहती. पाहुणी बसावी तशी."

लहान चणीच्या घोड्यांचं, त्यातही माद्यांचं, हे दुखणं जुनं आहे. खाणं तुटलं की त्यांचं शरीर घाबरतं आणि साठवलेली चरबी एकदम रक्तात सोडून देतं. यकृताला ती आवरत नाही. रक्त दुधासारखं होतं, भूक आणखी मरते आणि भूक मेली की आणखी चरबी सुटते. मधेच कुणी हे चक्र तोडलं नाही तर आठवड्याभरात घोडी जाते. नाकातून नळी घालून अन्न देता येतं, शिरेतून साखर देता येते. वैजयंतीने दोन्ही सुरू केलं होतं. त्याने वेळ मिळतो, एवढंच. शेवटी घोडीने स्वतः तोंड घालावं लागतं.

माणदेशच्या माळावरचं हे केंद्र सापाच्या विषावरची लस बनवत असे. घोड्यांना विषाचे अगदी बारीक डोस देत राहायचं, त्यांच्या रक्तात उतारा तयार झाला की थोडं रक्त काढून त्यातलं द्रव घ्यायचं. फुरशाच्या विषाला गुंजइतका जोरकस उतारा दुसऱ्या कुठल्याच घोडीच्या रक्तात तयार होत नव्हता. पण वैजयंतीच्या मनात आत्ता ते नव्हतं. गुंज ही अच्युतने आणलेली पहिली घोडी होती. अच्युत गेल्यावर त्याचा वास ओळखणारं जे काही उरलं होतं, त्यात ती होती.

"मॅडम," यासीनभाई म्हणाले, "एक बोलू का? तिला कुणी बोलवलंच न्हाई सोमवारपासून."

वैजयंतीने नळी स्टँडमध्ये ठेवली. हे तिला ठाऊक होतं. यंत्र तिनेच बंद केलं होतं.

*

अच्युत, वैजयंतीचा नवरा, केंद्राचा पशुवैद्य होता आणि ती जीवरसायनतज्ज्ञ. वनस्पती तेलांचा प्रयोग दोघांचा होता. घोडा जन्मजात गवत खाणारा, त्याच्या आहारात स्निग्ध पदार्थ नावालाच. त्याला पित्ताशयही नसतं. पित्त साठत नाही, थेंबथेंब झिरपत राहतं. तरी त्याला हळूहळू सवय लावली तर तो वाटीभर तेल सहज पचवतो. उलट रक्तातली काही चरबी त्याने कमीच होते, कारण स्नायू ती ओढून घ्यायला शिकतात. रक्त काढून काढून थकणाऱ्या घोड्यांना ही ताकद स्वस्तात देता येईल का, आणि दिली तर कुठल्या तेलाने, हे त्यांना पाहायचं होतं. काही घोड्यांना जवसाचं तेल, काहींना करडईचं, काहींना नुसता कोंडा.

प्रत्येक घोडीच्या मानेवर, आयाळीखाली, एक चकती चिकटवलेली होती. ती कातडीतून प्रकाश सोडून रक्तातली चरबी मोजत राही आणि प्रयोगशाळेच्या पडद्यावर प्रत्येक घोडीच्या नावापुढे एक रेषा उमटे. अशाच चकत्या आता माणसंही दंडावर लावत.

त्या रेषांनी एक गोष्ट दाखवली जी कुणी शोधत नव्हतं. चारच्या खाण्याआधीच रेषा उतरू लागत. तेल पोटात जायच्या आधी. स्नायू आधीच तयार होऊन बसलेले असत, पंगतीत हात धुऊन बसलेल्या माणसांसारखे. आणि ही तयारी घड्याळावर चालत नव्हती. अच्युत रजेवर असला की रेषा उतरत नसत. तो तबेल्याच्या दारातून ओरडायचा, "चला बायांनो, पंगत बसली!" त्या क्षणी सगळ्या रेषा एकदम खाली झुकत.

त्याने त्यांना आणखी एक वळण लावलं होतं. कोंड्यात तेल कालवलं की तो गव्हाणीच्या कडेवर हात ठेवून उभा राही. घोडी थांबे. मग तो हात उचलून म्हणे, "सावकाश होऊ द्या." तेव्हाच तिने तोंड घालायचं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना याचं हसू येई. "घाईने खाल्लं की पोटशूळ होतो," अच्युत गंभीरपणे सांगे, "आणि यजमानाने म्हटल्याशिवाय जेवायला सुरुवात करणं आमच्याकडे वाईट दिसतं." बोलता बोलता तो खोकायचा. सिगारेट त्याने सोडली होती, खोकल्याने त्याला सोडलं नव्हतं.

घोड्यांचं झालं की तो प्रयोगशाळेत येई, हात धुई, आणि त्याच्या आईने, माईंनी, तळलेली कडबोळी डब्यातून काढून तिच्यापुढे ठेवी.

प्रयोग अर्ध्यावर असताना दहिवडीच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने धडक दिली.

वैजयंती सुतक संपण्याआधीच कामावर आली. घाटपांडे सर, केंद्राचे संचालक, म्हणाले होते, प्रयोग सोडून द्या, कुणी काही म्हणणार नाही. तिने सोडला नाही. फक्त एक अडचण होती. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची असते, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं असतं. हाक मारणारा बदलला तर घोड्यांची तयारी बदलणार, आणि मग रेषेत जे दिसेल ते तेलामुळे की हाकेमुळे हे सांगता येणार नाही.

गव्हाणींवरून रुळावर फिरणारं खाणं वाढणारं यंत्र नुकतंच आलं होतं. अच्युतने त्याचं नाव वाढप्या ठेवलं होतं. त्याला बोलता येत असे. तबेल्याच्या कॅमेऱ्यांत अच्युतचा आवाज भरपूर साठलेला होता. वैजयंतीने तो वाढप्याला दिला आणि सूचना लिहिली: रेषा आहेत तशा राहिल्या पाहिजेत.

तो आवाज तिने स्वतः कधी ऐकला नाही. चार वाजले की ती सेंट्रिफ्यूज लावी. त्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नसे. प्रयोग रविवारी संपला. सोमवारी तिने वाढप्याचा आवाज बंद केला, जसं संपलेल्या प्रयोगाचं कुठलंही उपकरण बंद करतात तसं.

*

घरी माईंचं ताट झाकलेलंच होतं.

"आजही नाही जेवलात?"

"भूक नव्हती गं." माई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. कर्मचाऱ्यांच्या घरांमधलं हे शेवटचं घर. खिडकीतून तबेल्याचं छप्पर दिसायचं. "तुझी घोडी कशी आहे?"

"वाईट आहे. खात नाही."

"नाही खायची ती," माई म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं. गाडी चुकलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगावं, तसं.

वैजयंतीने त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी छातीत दुखलं तेव्हा अच्युतने त्यांच्या दंडावर चकती लावली होती. ती कुठे जोडलेली होती, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने फोनवर केंद्राचा पडदा उघडला. घोड्यांच्या रेषा एकाखाली एक होत्या, आणि सर्वांत शेवटी, गुंजच्या खाली, एक नाव होतं. माई. केंद्राची यंत्रणा घरापर्यंत पोचते, मग वेगळं कशाला घ्यायचं, असं अच्युतला वाटलं असणार. नावाच्या रकान्यात त्याने नाव लिहिलं होतं.

रविवारपर्यंत ती रेषा रोज चार वाजता उतरत होती. घोड्यांच्या बरोबरीने. सोमवारपासून ती चढत होती.

"माई, तबेल्यातला आवाज इथपर्यंत येतो?"

"येतो की. तू नसतेस तेव्हा घरी."

"तुम्हाला माहीत होतं ना, ते यंत्र आहे म्हणून?"

"मी म्हातारी आहे, वेडी नाही," माई म्हणाल्या. "यंत्र आहे हे ठाऊक होतं. पण नावाने हाक मारली की उठतो माणूस. मी डबा उघडून चार घास खायची. बरं वाटायचं. ते यंत्रही माझं ऐकत असेल, असं वाटायचं."

"नावाने? तो घोड्यांची नावं घेतो."

"माझंही घ्यायचा."

माईंना भास झाला असेल, असं वैजयंतीला वाटलं. सकाळी तिने यासीनभाईंना विचारलं, तेव्हा ते पायाने जमीन उकरत राहिले.

"आम्ही ऐकलंय, मॅडम. चार-पाच महिनं झालं. पोरं बाहेर जाऊन उभी राहायची त्या वेळंला. तुमास्नी कसं सांगावं ते कळंना. आणि तुम्ही तर मशीन लावून बसायच्या."

तिने वाढप्याची साठवण उघडली आणि सुरुवातीपासून ऐकायला बसली.

पहिल्या आठवड्यातला आवाज अच्युतचाच होता. "चला बायांनो, पंगत बसली," आणि मागे खोकला. ती तेवढं ऐकूनच थांबली असती. पण पुढे खोकला नव्हता. मग हाक थोडी संथ झाली. मग खोल. घोडी रोज तेच तेच ऐकून विटते, तिची रेषा उथळ होत जाते. वैजयंतीने वाढप्याला आवाज तसाच ठेवायला सांगितलं नव्हतं. रेषा तशाच ठेवायला सांगितलं होतं. ती चूक आता तिला स्पष्ट दिसली. रेषा तशाच ठेवण्यासाठी वाढप्या आवाज बदलत गेला. ज्या स्वराने रक्त उतरे तो ठेवला, ज्याने चढे तो गाळला. खोकल्याने घोड्या दचकत, म्हणून खोकला गेला. महिन्यांमागून महिने रक्ताने तो आवाज घासूनपुसून घेतला होता. आता तो होऊन गेलेला अच्युत नव्हता. वाट पाहणाऱ्यांना हवा होता तो अच्युत होता.

आणि मग, एका दिवशी, गुंजच्या नावानंतर, पडद्यावरच्या शेवटच्या नावाला: "माई, ये गं."

त्या आवाजात लहान मुलाचा हेल होता. पुढच्या आठवड्यांत तो वाढत गेला. अंगणातल्या कॅमेऱ्याला माई खिडकीशी दिसत असणार. "माई, किती वेळ उभी राहशील? पाय दुखतील. बस, जेव."

वैजयंतीने ते बंद केलं. तिला भीती कशाची वाटते आहे, हे तिने शांतपणे तपासून पाहिलं. यंत्राची नव्हती, स्वतःची होती.

*

"मग चालू करा की पुन्हा," फोनवर घाटपांडे सर म्हणाले. "इतका विचार कसला? घोडी वाचेल."

"आज वाचेल, सर. मग पुढे?"

"पुढे चालूच ठेवा. खरं सांगू का, बाकीच्या केंद्रांनाही हवंय ते. खाणं सोडलेल्या घोड्यांना खायला लावणारा आवाज. अच्युतचं नाव राहील. तुम्हाला आवडणार नाही का?"

"तो अच्युत नाही आता."

"घोड्यांना चालतो ना?" मग ते लगेच म्हणाले, "माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं."

पण त्यांचं बरोबर होतं. गुंजचं सकाळचं द्रव कालच्याहून पांढरं होतं. साडेतीनला वैजयंती तबेल्यात गेली आणि वाढप्याचा आवाज चालू केला. नंतर तिने खिशातून नवी चकती काढली, कागद सोलला आणि ती स्वतःच्या दंडावर चिकटवली. नावाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. हे तपासणीसाठी आहे, असं ती स्वतःशी म्हणाली. आपण वेगळ्या आहोत, हे पाहण्यासाठी.

यासीनभाईंनी गव्हाणीत कोंडा आणि गूळपाणी कालवलं. तेल नव्हतं, असल्या रक्ताला तेल विषच. गुंज मान खाली घालून उभी होती. डोळ्यांभोवती खळगे पडले होते.

चार वाजले. रुळावर वाढप्या सरकला.

"चला बायांनो, पंगत बसली."

तबेल्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. यासीनभाई तोंड फिरवून दाराबाहेर गेले. आवाज मऊ होता, संथ, कुठेही न खरचटणारा. एकेक नाव घेत तो पुढे आला. "गुंज. ये गं, गुंज." घोडीचे कान टवकारले. "सावकाश होऊ द्या." गुंजने तोंड कोंड्यात घातलं. ती चावत होती. चावण्याचा आवाज वैजयंतीला इतका मोठा वाटला की तिने गव्हाणीची कड धरली.

"माई, ये गं," वाढप्या म्हणाला.

मग तो थांबला. इथे तो कधी थांबत नसे.

"वैजयंती."

तिला जवळजवळ हसू आलं. हे नाव अच्युतने लग्नात एकदा घेतलं होतं, उखाण्यात, तेही मित्रांनी अडवलं म्हणून. एरवी तो तिला मास्तरीण म्हणायचा. यंत्राला काही माहीत नव्हतं. सुटले, असं तिला वाटलं.

वाढप्या दुसऱ्या सुरात म्हणाला, "वैजयंती." मग आणखी एका सुरात. किल्ल्यांच्या जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहावी तसं.

मग तो खोकला.

तिने फोनकडे पाहिलं. तिची रेषा खडकावरून पडल्यासारखी खाली गेली होती.

वाढप्याने क्षणभर वाट पाहिली. आणि पुन्हा खोकला, हळूच, आपलेपणाने.

उद्या तो मास्तरीण म्हणेल. उद्या नाही तर परवा. तिला काही सांगावं लागणार नाही. तिचं रक्तच सांगेल. मग तो कडबोळ्यांचा डबा उघडेल, आणि ती रोज चार वाजता इथे उभी असेल, आणि सहा महिन्यांनी खरा अच्युत कसा बोलायचा हे जगात कुणालाच आठवणार नाही.

तिने खांबावर चढून वायर उपसली. गुंज गव्हाणीचा तळ चाटत होती.

*

दुसऱ्या दिवशी चारच्या आधी ती माईंना हाताला धरून तबेल्यात घेऊन गेली. माई इथे अच्युत असतानाही कधी आल्या नव्हत्या.

"मला काय कळतं घोड्यांतलं?"

"त्या हाकेसाठी थांबत नाहीत, माई. मला आधी तसं वाटलं होतं. हाकेने त्या फक्त तयार होतात. तोंड घालतात ते 'सावकाश होऊ द्या' म्हटल्यावर. गुंज तर ते ऐकल्याशिवाय उपाशी मरेल, पण खाणार नाही. अच्युतने तसंच शिकवलंय."

माई घोडीकडे बघत राहिल्या. "त्याचं काय आहे त्यात? ते माझं आहे. पंगतीत हे म्हणायला त्याचे वडील उभे राहायचे, पण घरात दोनच पानं असली तरी मी म्हणायची. म्हटल्याशिवाय हा घास उचलायचा नाही. शाळेत डबासुद्धा तसाच परत आणायचा पहिल्या वर्षी. बाईंना सांगून यावं लागलं मला."

"मग सांगा ना हिला."

माईंनी गव्हाणीच्या कडेवर हात ठेवला. गुंजने तो हुंगला, बराच वेळ. काय सापडलं कोण जाणे.

"सावकाश होऊ द्या," माई म्हणाल्या आणि हात उचलला.

काही झालं नाही. यासीनभाई दारातून पुढे आले. माईंनी पुन्हा म्हटलं, आता जरा दटावून, जेवायला टाळाटाळ करणाऱ्या पोराला म्हणावं तसं. गुंजने मान खाली घातली.

"तेवढा सूर लागायचा होता," यासीनभाई डोळे पुसत म्हणाले. "सासूबाईंचा."

आठवड्याच्या शेवटी नळीमागे धरलेलं बोट दिसू लागलं. पुढे पंधरा दिवसांनी द्रव पिवळं, नितळ निघालं. घाटपांडे सरांना वैजयंतीने कळवलं की वाढप्याचा आवाज तिने पुसून टाकला आहे, मूळ चित्रफिती तेवढ्या ठेवल्या आहेत, खोकल्यासकट. ते रागावले. मग म्हणाले, ठीक आहे.

ज्या दिवशी वायर उपसली त्याच रात्रीची गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही.

घरी आल्यावर तिने दोन पानं वाढली. पिठलं, भाकरी, जवसाची चटणी. माई पानावर बसल्या, पण हात पुढे जाईना. वैजयंतीचाही जाईना. दोघी समोरासमोर बसून राहिल्या. वाफ विरत गेली. शेवटी तिच्या लक्षात आलं की हे आता कुणीतरी म्हणायला हवं, आणि म्हणणारी तीच आहे.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली.

माईंनी तिच्याकडे पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला. "तूही जेव," त्या म्हणाल्या.

दंडावरची चकती काढायची राहून गेली होती. ती सोलण्याआधी सवयीने तिने फोनवर पाहिलं. दोन्ही रेषा शेजारी शेजारी उतरल्या होत्या, माईंची आणि तिची. मग तिने वेळ पाहिली. रेषा उतरायला लागल्या होत्या तेव्हा ती अजून बोलली नव्हती. तेव्हा त्या दोघी नुसत्या बसल्या होत्या, आणि घरात कुठलाही आवाज नव्हता.

तिने फोन पालथा घातला आणि घास घेतला.